दुसऱ्याच्या गोठ्यात

“पत्रे ओढू नका, आधी खिळे उपसा! विकत घेतलेत की लुटून चाललात?”

ती खालून ओरडली तसा शेडवर चढलेला गडी थबकला. थोरले भावजी म्हणाले, “वापरलेला माल आहे. मी घेतला म्हणून खपला तरी.”

“तर काय! सख्ख्या भावाची शेड मोडायला परका माणूस धजला नसता.”

नवरा बांधावर पाठ फिरवून बसला होता. वर्षभरापूर्वी याच शेडमध्ये कोंबड्यांचा कलकलाट असायचा आणि हा इस्त्रीचा सदरा घालून गावभर सल्ले वाटत फिरायचा. मग रोग आला. पक्षी खड्ड्यात पुरावे लागले. देणी भागवता भागवता जमीन गेली, आता शेडही निघाली होती.

शेजारीण विकायला काढलेली कोंबड्यांची पाण्याची भांडी उलटीपालटी करत नाक मुरडत होती. “वास मारतोय गं याला.”

“मारणारच. फुकटची अंडी नेताना नाही आला तो?”

शेजारणीने भांडं आपटलं, पण घेऊन गेली. नवरा उठून आला. “कशाला लोकांना तोडतेस? उद्या परत यायचंय आपल्याला.”

“कुठं? ह्या खांबांवर बसायला?”

दुसऱ्या दिवशी दोन बोचकी आणि एक ट्रंक घेऊन दोघं बसमध्ये चढली. शहराबाहेर एका बड्या दूधवाल्याच्या गोठ्यात त्यांना काम मिळालं होतं. म्हशींच्या लांबच लांब रांगा, आणि त्यांच्या टोकाला कडब्याच्या कोठीला चिकटून गड्यांच्या खोल्या. यांच्या वाट्याला आलेल्या खोलीला एक खिडकी होती, ती नेमकी उकिरड्यावर उघडायची.

“हवा चांगली आहे,” ती म्हणाली आणि खिडकीला गोणपाट लावलं.

ती पहिल्या दिवसापासून कामाला भिडली. नवऱ्याचं काही जमेना. खराटा असा धरायचा, जणू कुणी जरा वेळ सांभाळायला दिलाय. वर बाकीच्या गड्यांना सांगायचा, “मी आपला धंद्याची माहिती घ्यायला आलोय.”

शेणाची पाटी भरता भरता ती म्हणाली, “मग घ्या की माहिती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलीये.”

गडी खो खो हसले.

मग एकदा धार काढताना म्हशीने लाथ मारली. बादली एकीकडे, हा एकीकडे. अंगावर दूध, खाली शेण. मुकादमासकट सगळे हसले, आणि तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं. त्याचा चेहरा दिसला तेव्हा हसू ओठांतच विरलं.

संध्याकाळी ती त्याचा सदरा धूत होती. तो उंबऱ्यात बसून म्हणाला, “तूसुद्धा हसलीस.”

“हसले. पडलात म्हणून नाही. पडल्यावर आधी बघितलंत काय, तर कोण बघतंय ते. म्हैस कुठं गेली ते बघायला पायजे होतं.”

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी उठला आणि त्याच म्हशीपाशी जाऊन उभा राहिला. आधी नुसतं खाजवलं, चुचकारलं. आठ-पंधरा दिवसांत ती म्हैस त्याच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देईना.

पावसाळा सरताना थोरले भावजी आले. शेण चुकवत, धोतर गुडघ्यापर्यंत उचलून खोलीत शिरले आणि ट्रंकेवर टेकले.

“कसले हाल करून घेतलेत रे! चल गावी. मी शेळ्या घेतोय. तू बघ त्यांच्याकडं. दोन वेळचं जेवण आमच्यातच. घरचा माणूस तू, पगाराचं काय बोलायचं?”

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. गावाचं नाव काढलं की डोळे भरून येणारा माणूस. याचा काय भरवसा! स्टोव्हवर चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

नवऱ्याने खुंटीवरचा पंचा घेऊन डोक्याला गुंडाळला.

“दादा, घरच्या माणसाला पगार मागता येत नाही. इथं मागता येतो. माझी धारेची वेळ झाली. तू चहा घे.”

आणि बादली उचलून तो गेला.

तिने उरलेला चहा ओतून पुढे केला; पहिल्याच घोटाला भावजींना ठसका लागला. बशी खाली ठेवून ते तिला म्हणाले, “अगं, तू तरी समजाव त्याला!”

तिने पदर खोचला, पाटी उचलली.

“मलाही वेळ नाही, भावजी. चहा झाला की कपबशी विसळून ठेवा. आणि जाताना कडी लावा बाहेरून, कुत्री शिरतात.”