दांड्यामागचं वजन

उदयसिंहाने दांडा खाली ओढला आणि हात सोडला. दांडा झटक्यात वर उसळला आणि टोकाला लटकणारं ड्रिल रबरी नळीसकट दिव्याच्या दांडीवर आपटलं. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच झालं.

"बघितलंत?" डॉक्टर विद्याश्री खुर्चीच्या पलीकडे हाताची घडी घालून उभी होती. "असाच काल उसळला. फक्त काल मध्ये एका मुलीचा ओठ होता."

उदयसिंहाने दांडा पुन्हा खाली ओढून धरला. त्याला या बाईचा राग आला होता, दांड्याचा आला होता, आणि सगळ्यात जास्त पडद्यापलीकडे बसलेल्या पेशंटांचा आला होता. शाहूपुरीतल्या त्या दवाखान्यात बाहेरची बाकं आणि आतली खुर्ची यांच्यामध्ये नुसता एक हिरवा पडदा होता. आत सुई पडली तरी बाहेर ऐकू जायचं, आणि इथे तर ड्रिल आपटत होतं.

हा दांडा त्यानेच बनवला होता. दातांच्या ड्रिलला जोडलेल्या नळ्या जड असतात, दिवसभर डॉक्टरच्या मनगटाला खाली ओढतात. परदेशी खुर्च्यांना ते ओझं पेलायची सोय असते, विद्याश्रीच्या जुन्या खुर्चीला नव्हती, आणि तिचं मनगट रात्री ठणकायचं. उद्यमनगरात उदयसिंहाचा कारखाना होता. तिथे इंजिनांचे सुटे भाग व्हायचे. उन्हाळ्यात त्याने हा नवा उद्योग अंगावर घेतला. खांबावर आडवा दांडा, पुढच्या टोकाला ड्रिल आणि नळ्या, मागच्या टोकाला बिडाचं गोल वजन, स्क्रूसारख्या आट्यांवर पुढेमागे फिरवता येणारं. तोल साधला की ड्रिल हवेत जिथे सोडाल तिथेच राहायचं. पावसाळाभर दांडा गरीब गाईसारखा वागला. विद्याश्रीने चार डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं, आणि येत्या रविवारी दाताच्या डॉक्टरांची बैठक याच दवाखान्यात, हा दांडा बघायला म्हणून भरणार होती. नव्याण्णव सालात कोल्हापुरात असलं काही करणारा दुसरा कुणी नव्हता. उदयसिंहाच्या डोक्यात ते पुरतं भिनलं होतं.

आणि काल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, हे झालं. शिवाजी पेठेतली मुलगी, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. दाढेचं काम संपत आलं, विद्याश्रीने हात सैल केला आणि दांड्याने फिरतं ड्रिल वर खेचलं. वरच्या ओठाला टाके पडले. संध्याकाळी मुलीचे दोघे भाऊ आले. तालमीत कमावलेली माणसं. ती काही बोलली नाहीत, नुसती बाकासमोर उभी राहिली आणि निघून गेली. विद्याश्रीला शिव्या परवडल्या असत्या.

"रविवारी मी सगळ्यांना हेच दाखवणार," ती म्हणाली. "म्हणावं, बघा, गावठी काम कसं असतं ते."

गावठी हा शब्द पडद्यापलीकडे गेला आणि उदयसिंहाचं टाळकं सरकलं. त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि दांड्याच्या मागे डोकं घातलं. वजन जागेवर नव्हतं. बसवताना जिथे आवळून दिलं होतं त्याच्या बरंच मागे, टोकाशी गेलं होतं. मागची बाजू जड, पुढची हलकी. दांडा उसळणार नाही तर काय करणार? त्याने आट्यांवरून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.

तो खाली उतरला आणि ते बोट त्याने विद्याश्रीच्या नाकासमोर धरलं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, मॅडम? हळद हाय ही. खंडेनवमीला तुमच्या हितं पूजा कुणी केली?"

पूजा चिमणाबाईने केली होती. चिमणाबाई म्हणजे दवाखान्याची झाडलोट करणारी, हत्यारं उकळणारी, रडणाऱ्या पोरांचे हात धरणारी बाई. खंडेनवमीला दवाखाना बंद होता, किल्ली तिच्याकडे होती. खुर्चीला, कपाटाला, हत्यारांच्या ट्रेला तिनेच हळदकुंकू लावलं होतं. विद्याश्रीने हाक मारली तेव्हा ती ओल्या हातांनी आली आणि पडद्याजवळच थांबली.

उदयसिंहाचा आवाज मुळात मोठा. कारखान्यात यंत्रांच्या वर बोलायची सवय, आणि आता तर त्याला बाहेर ऐकू जायलाच हवं होतं. हे वजन खेळायची वस्तू आहे का, कुणी सांगितलं होतं हात लावायला, एका पोरीचा ओठ फाटला त्याची काही लाज आहे का, असं तो एकामागून एक बोलत सुटला.

"वजनाला मी हात लावला न्हाई," चिमणाबाई म्हणाली.

"मग हळद काय उडत आली तिथं?"

"मालक, त्या दिवशी—"

"त्या दिवशी दवाखान्यात तू हुतीस का न्हवतीस? तेवढं सांग."

"हुते."

"झालं तर."

चिमणाबाईने विद्याश्रीकडे बघितलं. विद्याश्रीला एक गोष्ट ठाऊक होती, जी तिने कुणाला सांगितली नव्हती. काल सकाळी ड्रिल हातात घेतल्याबरोबर तिला वरची ओढ जाणवली होती. नळी कुठेतरी अडकली असेल असं समजून तिने बघितलं नाही, कारण बाहेर गर्दी होती. रात्रभर ती त्या ओढीचाच विचार करत पडली होती. आता समोर एक माणूस मिळालं आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं. ती घरच्या कन्नडात काहीतरी पुटपुटली, मग मराठीत स्पष्ट म्हणाली, की उद्यापासून येऊ नका.

चिमणाबाईने पदराला हात पुसले. खुंटीवरची पिशवी काढली, किल्ली ट्रेमध्ये ठेवली आणि बाकांमधून वाट काढत गेली. बाहेरच्या पेशंटांनी तिच्यासाठी पाय आत ओढून घेतले, पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

उदयसिंहाने वजन जागेवर आणलं, नट आवळला, दांडा ओढून सोडला. ड्रिल हवेत स्थिर राहिलं. मघाशी रागात बोलली ते सावरायला विद्याश्री त्याच्याशी दोन शब्द चांगले बोलली आणि रविवारी वेळेवर या म्हणाली.

मोटरसायकलवरून उद्यमनगरला परतताना तो शीळ वाजवत होता.

कारखान्यात चहा आला होता. गुंडूतात्या दारातल्या बाकड्यावर बसून कपाने चहा पीत होते. गुंडूतात्या म्हणजे उदयसिंहाचे थोरले चुलते. कारखाना त्यांनी आणि उदयसिंहाच्या वडिलांनी उभा केला, वडील गेल्यावर उदयसिंहाला लेथवर उभं राहायला त्यांनीच शिकवलं. आता डोळ्यांनी कमी दिसायचं, म्हणून ते यंत्राला हात लावत नसत. पण घरचा एक रिवाज त्यांनी सोडला नव्हता. कारखान्यातून नवीन घडवलेली वस्तू ज्याच्या दारी गेली, तिथे पहिल्या खंडेनवमीला हार घरातल्या थोरल्या माणसाने घालायचा. त्या दिवशी सकाळी उदयसिंहानेच त्यांच्या हातात झेंडूचा हार दिला होता आणि रिक्षात बसवून दिलं होतं. रिक्षा वळली आणि त्याच्या डोक्यातून ते गेलंही होतं.

आल्या आल्या त्याने सगळी हकीकत सांगितली. सांगताना स्वतःचे संवाद जरा चढवले. कामगार हसले. तात्या हसले नाहीत, पण त्यांचा चेहराही पडला नाही. त्यांना गोष्टीतलं भलतंच काही आवडलं होतं.

"वजन मागं गेलतं व्हय?" ते म्हणाले. "ते मीच की रं. मी फिरवलतं."

उदयसिंह कपाकडे हात नेता नेता थांबला.

"पुढच्या टोकाला हार घातला, तर दांडा पाक खाली वाकला. चांगला भिजवलेला, जाडजूड हार हुता. म्हटलं, आपलं काम आन् सणाच्या दिवशी मान टाकून उभं? लोक काय म्हणतील? मग हळदीच्याच बोटांनी नट ढिला केला, वजन फिरवत मागं नेलं, दांडा बसला सरळ." तात्यांनी बोटं हवेत फिरवून दाखवली. "हार काढल्यावर परत फिरवायचं, त्या बाईस्नी सांगायचं ध्यानातनं गेलं बघ. भली बाई. मी पडू नये म्हणून स्टूल धरून उभी हुती बिचारी."

भट्टीजवळ कुणीतरी हातोडी ठेवली. 

हळूहळू तात्यांच्याही लक्षात आलं. त्यांनी कप बाकड्यावर ठेवला. "त्या पोरीचा ओठ... आन् तू बाईला काय बोलून आलास?"

उदयसिंहाने तोंड फिरवलं. तात्या उठले, कोपऱ्यातली काठी शोधू लागले. चल म्हणाले, मी येतो, मीच सांगतो डॉक्टरणीला.

"तुम्ही कुठं जायचं न्हाई," उदयसिंह ओरडला. "रविवारी सगळं गाव येणार हाय तिथं. आपल्याच माणसानं आपलंच वजन फिरवलं, हे सांगू त्यास्नी?"

एवढ्या मोठ्याने तो तात्यांवर आयुष्यात ओरडला नव्हता. तात्या काठी न घेताच परत बसले.

संध्याकाळी तो लक्षतीर्थ वसाहतीत चिमणाबाईचं घर विचारत गेला. वाटेत त्याने सगळं ठरवलं होतं. ओळखीच्या दुसऱ्या एका डॉक्टरकडे तिला लावून द्यायचं, नाहीतर कारखान्यातच काहीतरी बघायचं. बाई खूश, तात्यांचं नाव नाही, कारखान्याचं नाव नाही. रविवार सुखात पार पडेल.

चिमणाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने त्याला बसा म्हटलं नाही. तो उभ्यानेच बोलला. जरा गैरसमज झाला, असं म्हणाला. तात्यांकडून नकळत झालं, म्हातारं माणूस. मग दुसऱ्या कामाचं सांगितलं. बोलता बोलता त्याला स्वतःच्या मोठेपणाचं बरंही वाटू लागलं.

ती खडे बाजूला काढत राहिली.

"तुम्हाला तर ठाऊक हुतं, बाई," शेवटी तो म्हणाला. त्याच्या आवाजात पुन्हा धार आली. "तात्यांचं नाव तिथंच घेतलं असतंसा तर एवढं झालंच नसतं."

आता तिने सूप खाली ठेवलं.

"मला इचारलंसा कुठं?" ती म्हणाली. "तू कशाला हात लावलास म्हणालासा. हात कुणी लावला, असं कुणी इचारलं? तोंड उघडलं तर मधीच तोडलंसा. इतकी वर्सं त्या डॉक्टरणीची हत्यारं उकळली, तिनंबी इचारलं न्हाई. मी त्या म्हाताऱ्यासाठी गप बसले असं वाटतंय व्हय तुम्हाला? मी कुणासाठी गप बसले न्हाई. मला बोलू दिलं न्हाईसा."

 तिचं खरं होतं, हे त्याला कळलं आणि त्याचाही त्याला रागच आला.

"काम मला कुठंबी मिळंल. चोरासारखं भाईर काढलंय मला, बाकावरच्या माणसांदेखत. त्यातली दोन माणसं ह्या गल्लीतली हायती. हितं दारात येऊन गैरसमज म्हणून काय उपेग? उद्या सकाळी तिथं येऊन सांगा, मीबी येते."

"बरं."

"माणसं असताना."

"बरं म्हटलं की," तो म्हणाला आणि गाडीला किक मारली. गाडी लगेच सुरू झाली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली.

सकाळी तो गेला तेव्हा बाकं भरलेली होती. एका माणसाच्या गालाला रुमाल बांधला होता, एक आई पोराला गप्प करत होती, आणि कोपऱ्यात ओठावर पट्टी लावलेली ती मुलगी बसली होती, टाके दाखवायला आलेली. शेजारी तिचा एक भाऊ. उदयसिंहाने त्याच्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. चिमणाबाई आली होती. आत न येता उंबऱ्याच्या बाहेर उभी होती. पायातल्या चपला तिने काढल्या नव्हत्या.

विद्याश्री पडदा सारून बाहेर आली. उदयसिंह तिच्या अगदी जवळ गेला. रात्रभर त्याने वाक्य जुळवलं होतं. पण त्याचा कारखान्यातला मोठा आवाज आता जेमतेम विद्याश्रीपर्यंत पोचला.

"मॅडम, हार घालताना वजन आमच्या माणसाकडनं फिरलं. बाईंचा त्यात हात न्हवता."

विद्याश्रीच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं. तिने उंबऱ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या मुलीकडे, मग तिच्या भावाकडे. दांडा तोल गेलेला असताना ड्रिल कुणाच्या हातात होतं, हा प्रश्न आता कुणीही विचारू शकत होतं. तिने चटकन पडदा बाजूला धरला.

"आत या," ती हळूच म्हणाली. "आत बसून बोलू. चिमणाबाई, तुम्हीपण या ना आत."

उदयसिंहाला हायसं वाटलं. त्याने पडद्याकडे पाऊल टाकलं. इतका वेळ रडणारं पोर नेमकं तेव्हाच गप्प झालं.

"आत नगं," उंबऱ्यावरून चिमणाबाई म्हणाली. "मला हितं काय ऐकू आलं न्हाई. परत सांगा."