झेंडा वर असेपर्यंत

माण तालुक्यातल्या बैलगाडी शर्यतींत अर्जुना झेंडापंच म्हणून उभा राहू लागला, तेव्हा त्याच्या मिशा काळ्या होत्या. आता त्यांचा कापूस झाला होता, तरी मैदानावर त्याचं चालत होतं. एरवी तो बोलायला फार लाजरा. चारचौघांत कोणी काही विचारलं तर आधी खाली बघायचा, मग उपरण्याच्या टोकाने नाक पुसायचा, आणि उत्तर तोंडाशी येईपर्यंत विचारणारा दुसरीकडे वळलेला असायचा. झेंडा हातात आला की मात्र हा माणूस वेगळाच. झेंडा वर असेपर्यंत एकाही गाडीवानाने कासरा ढिला करायचा नाही, झेंडा खाली आला की कोणासाठी थांबायचं नाही. हा कायदा लिहिलेला कुठेच नव्हता, पण दहिवडीपासून विट्यापर्यंत तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता.

त्या झेंड्यानेच अर्जुनाला सिनेमात नेलं.

'सुटकेची शर्यत' या सिनेमाचा पहिला भाग गावागावांतल्या पोरांनी मोबाइलवर पाहून पाहून पाठ केला होता. गोष्ट तशी सरळ. जन्मठेपेच्या कैद्यांना एक जेलर मोटारी देतो आणि तुरुंगाच्या आवारात शर्यत लावतो. पहिला येईल तो सुटला, बाकीचे जीवानिशी गेले. दुसऱ्या भागासाठी सांगलीशेजारी माधवनगरात, एका बंद पडलेल्या गिरणीत तुरुंग उभा राहिला. दिग्दर्शक तरुण होता, हुशार होता, आणि त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. मुंबईचे स्टंटवाले गाडी झकास चालवतात, पण त्यांच्या डोळ्यांत शर्यत नसते, असं तो म्हणायचा. म्हणून त्याने सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातले चार गाडीवान निवडले. बैलगाडीही पळवणारे आणि एरवी पिकअप हाकणारे. शर्यत सोडणाऱ्या तुरुंगाच्या शिपायाचं काम दिलं अर्जुनाला.

चारांतला एक त्याचा जावई होता, मल्हार. निघताना लेक राणी बापाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरत म्हणाली होती, "आबा, तुमी संगट हायसा म्हणून त्यास्नी जाऊ देतीया. त्यांचं डोस्कं लय गरम. जसं नेताय तसं माघारी आणा."

अर्जुना नुसता "व्हय" म्हणाला. पण ते "व्हय" त्याच्या छातीत धोंड्यासारखं बसलं.

गिरणीत पाऊल टाकलं तेव्हाच त्याला कसंसं झालं. करवतीच्या दातांसारखी छपरं, फुटक्या काचांतून आत-बाहेर करणारे पारवे, आणि जिथे कधी काळी विणकामाचे साचे खडखडत असतील तिथे आता रंगवलेल्या लोखंडी गजांच्या कोठड्या. कोपऱ्यात फाशीचा खांब. तो लाकडाचा होता, पण दोर खरा होता. कैद्यांच्या कामाला आसपासची शे-दीडशे माणसं आणली होती. पहिल्या दिवशी सगळे हसतखिदळत होते. आठवडाभरात काय झालं कोणास ठाऊक, शिपायांचे कपडे घातलेले वेगळे जेवू लागले, कैद्यांचे कपडे घातलेले वेगळे. परवा तर एका शिपायाने रांग मोडली म्हणून कैद्याच्या पाठीत खरीच काठी घातली. कॅमेरा बंद होता तेव्हा.

"मामा, आत गेलं की बाहीर यायची वाट सापडत न्हाई बगा," मल्हार एकदा म्हणाला. हसत म्हणाला, पण त्याचे डोळे हसत नव्हते.

गिरणीच्या मधल्या रस्त्यावरून चार गाड्या सुटणार, लांबच्या मोठ्या दरवाजापर्यंत पळणार, दरवाजा ऐनवेळी उघडणार आणि गाड्या बाहेर पडणार, असा तो मुख्य प्रसंग होता. वेग साठाचा ठरला होता. पुढची करामत कॅमेरावाले करणार होते. लिहिलेल्या गोष्टीत जिंकायचा होता एक नंबरचा कैदी, म्हणजे विट्याचा तानाजी. हा गडी कोइमतूरला काकाच्या गलाईच्या दुकानात सोनं गाळायला गेला होता आणि बैलांच्या आठवणीने परत पळून आला होता. मल्हारची गाडी चार नंबरची. त्याने तिसरा यायचं होतं.

आणि इथेच घोडं पेंड खात होतं.

"पावणं, सिनिमात बी म्याच पयला," जेवताना तानाजीने काडी टाकली. "लिवलंयच तसं."

"लिवणाऱ्याला इचार, म्हसवडच्या मैदानात तुजी जोडी कवा पयली आली ती," मल्हार म्हणाला.

"माजी न्हाई आली, पर तुजा बैल तर निशाणापाशी जाऊन शेण टाकाय थांबला हुता की रं! समद्या मैदानानं बगितलं."

"त्यो बैल इट्याच्या बाजारातनंच आणला हुता गड्या. गुण कुटं जातील?"

भाकरीचा घास हातात धरून सगळे हसले. दोन नंबरचा दादासो तर खोकून खोकून लाल झाला. तीन नंबरचा शिवतेज फौजेत ट्रक चालवून आलेला, तो तेवढा गप्प होता. अर्जुनाही मिशीत हसला. मग त्याच्या लक्षात आलं, की हसू सरलं तरी मल्हार आणि तानाजी एकमेकांकडे बघतच राहिले आहेत. तालमीत मल्हार दर वेळी पहिला येत होता. दिग्दर्शक ओरडायचा, फायटमास्तर समजावायचा, मल्हार मान डोलवायचा आणि पुन्हा पहिला यायचा. खोटं खोटं पळायचं असतं, हे या माणसांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं.

मुख्य प्रसंगाच्या दिवशी सकाळी अर्जुना चहाचा कप घेऊन तंबूच्या सावलीला बसला होता. कनातीपलीकडे दिग्दर्शक बोलत होता.

"दरवाजा उघडेल, पण बाहेर वाळूचा टिपर आडवा उभा असेल. ड्रायव्हरना सांगायचं नाही."

"सर, निदान त्यांना तरी सांगू या ना," रेश्माचा आवाज आला. ही सांगलीचीच मुलगी, दिग्दर्शकाच्या हाताखाली होती.

"सांगितलं की ते अभिनय करतील. मला अभिनय नकोय, मला चेहरा हवाय. साठचा वेग आहे, ब्रेकला जागा भरपूर आहे. हिशोब केलाय आपण."

फायटमास्तर काहीतरी पुटपुटला.

अर्जुनाच्या हातातला चहा निवला. उठावं, कनात सारावी आणि म्हणावं, असं करू नका. पण म्हणायचं कोणत्या तोंडाने? शिकलेली माणसं, मापं टाकून बसलेली. आपण बोललो आणि हसं झालं तर? आणि साठाला गाडी थांबतेच की. रेश्मा बाहेर आली तसा तो धीर करून पुढे झाला.

"ताई, थांबतील न्हवं त्या गाड्या?"

"थांबतील आबा. मोजून घेतलंय." ती त्याच्या नजरेला नजर देत नव्हती. "तुम्ही कोणाला बोलू नका हं."

तो बोलला नाही. मोठ्या माणसांनी मोजलंय, या शब्दावर त्याने स्वतःला टेकवून ठेवलं. बऱ्याच वेळाने न राहवून जावयाला शोधायला तो दोन पावलं गेलाही, पण तोवर चारही गाडीवान गाड्यांत बसले होते. पट्टे आवळलेले, काचा अर्ध्या वर, इंजिनं चालू. कैद्यांच्या कानांत वायरी दिसायला नकोत म्हणून त्यांच्याजवळ वायरलेसही नव्हता. त्यांना फक्त झेंडा दिसणार होता.

ऊन चढलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कैदी दाटीवाटीने उभे. खूण झाली तसे ते ओरडू लागले, थाळ्या बडवू लागले. गिरणीच्या भिंतींत तो आवाज घुमून अंगावर येत होता. पारव्यांचा थवा एकदम उठला आणि परत बसलाच नाही.

समोरून हात हलला. अर्जुनाने झेंडा वर केला.

आणि मग त्याला ते दिसलं.

चारही गाड्यांच्या बॉनेटवर पिवळं बोट ओढलेलं होतं. भंडारा. तालमीत एकदाही नव्हता. खोट्या शर्यतीला भंडारा लावत नाहीत. तो लावला म्हणजे खंडोबाला साक्ष ठेवून जुंपलं, मग मागे राहणं नाही आणि निशाण ओलांडल्याशिवाय आवरणं नाही. त्याने मल्हारकडे पाहिलं. मल्हार स्टिअरिंगवर छाती टेकवून पुढे झुकला होता, जत्रेत धावपट्टीवर झुकतो तसा. तानाजीही तसाच. शिवतेजसुद्धा. सकाळी चौघं डोक्याला डोकं लावून बोलत होते आणि आपण जवळ जाताच गप्प झाले होते, ते हेच ठरवत होते तर. ही पोरं साठाने जाणार नव्हती. गाडीत जेवढा जीव आहे तेवढा ओतून जाणार होती. आणि दरवाजापलीकडे वाळूने भरलेला टिपर उभा होता.

"बाबा, झेंडा!" कर्ण्यातून आवाज आला.

अर्जुनाने मान हलवली. तो ओरडला, "टिपर हाय! म्होरं टिपर हाय!" त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ऐकू आला नाही.

"बाबा! खाली करा झेंडा! टाइम जातोय!"

आता हात खाली आणणं म्हणजे चौघांना त्या दरवाजावर सोडणं. हात वर ठेवणं म्हणजे... किती वेळ? खांद्यातून कळ निघाली होती. झेंड्याची काठी घामाने निसटू पाहत होती. मैदानावर शर्यत रद्द करायची वेळ आली तर एकच रीत होती. झेंडा तसाच उभा धरायचा, गाड्यांच्या पुढून चालत जायचं, आणि पहिल्या गाडीपासून ओळीने एकेकीच्या जुवावर मोकळा हात ठेवायचा. हात पडला की त्या गाडीने पळायचं नाही, बैल सोडून घ्यायचे. अर्जुना चालू लागला.

एक नंबर त्याच्या अगदी जवळ होता. काचेमागे तानाजीचा चेहरा. उन्हात उभं राहावं लागलं की आबांसाठी पाण्याची बाटली घेऊन धावत येणारा हाच पोरगा. आबांना येताना पाहून त्याने भुवया उंचावल्या आणि गिअरवरचा हात सैल केला. आता बॉनेटवर हात पडणार, हे त्याला कळलं होतं.

अर्जुनाचा हात उठलाही होता. तेवढ्यात चार नंबरचं इंजिन गुरगुरलं, आणि त्याच्या कानात राणी बोलली. जसं नेताय तसं माघारी आणा.

पाय आपोआप पुढे गेले. एक मागे पडला. दोन मागे पडला. तीन मागे पडला. तीन गाड्यांच्या पुढून झेंडापंच नुसता चालत गेला, कोणाच्या गाडीला शिवला नाही. गाडीवानांनी त्याचा त्यांच्या परीने अर्थ लावला. आबा रेघ बघतायत. गाड्या सरळ उभ्या आहेत का ते बघतायत. तानाजीने पुन्हा गिअरवर मूठ आवळली.

चार नंबरच्या बॉनेटवर अर्जुनाने हात ठेवला. मल्हारने मान झटकली.

"मामा, बाजूला व्हा!"

"बंद कर गाडी! म्होरं टिपर हाय!"

"काय? बाजूला व्हा म्हन्तो न्हवं!"

अर्जुना खिडकीशी आला, अर्ध्या काचेवरून हात आत घातला आणि किल्ली धरली. किल्ली फिरेना. मल्हारने त्याचं मनगट पकडलं. सासऱ्यावर हात टाकतोय याचं भान त्याला नव्हतं, आणि अर्जुनालाही कशाचंच भान नव्हतं. त्याला फक्त ती किल्ली हवी होती. त्याने जोर लावला, खांदा आत घातला, आणि एका हाताने होईना म्हणून दुसराही हात आत घातला.

किल्ली निघाली. चार नंबरचं इंजिन बंद झालं.

पण बाकीची वाढली. टायर किंचाळले. गरम धुरळा अर्जुनाच्या पाठीवर आदळला. तो वळला तेव्हा रस्त्यावर तीन गाड्यांची पाठ दिसत होती, आणि त्याच्या पायाशी झेंडा पडलेला होता.

कैद्यांनी एकच गिल्ला केला. त्यांना वाटलं, शर्यत सुटली. थाळ्यांचा कडकडाट झाला. तो मोठा दरवाजा दूरवर हळूहळू उघडू लागला. तानाजी पुढे होता, चांगला दोन हात पुढे.

मग आवाज झाला. एकदा. लगेच दुसऱ्यांदा. तिसरी गाडी आडवी होऊन भिंतीला घासत थांबली, आणि तिच्यातून शिवतेज खुरडत बाहेर आला. थाळ्या एकेक करून थांबल्या. कर्ण्यातून "कट" कोणी म्हटलंच नाही.

सगळे धावले. रेश्मा अनवाणी धावली. मल्हारही पट्टा तोडल्यासारखा काढून दहा पावलं पळाला. मग थबकला आणि मागे वळला. समोर काय आहे ते त्याला कळलं होतं आणि आपण तिथे का नाही तेही कळलं होतं. तो सासऱ्याजवळ आला. त्याच्या ओठांवर भंडाऱ्याचा कण होता.

"मामा," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "एक नंबर तुमच्या हाताशी हुता."

अर्जुनाने खाली पाहिलं. उपरण्याचं टोक शोधलं. मल्हार वाट पाहत उभा राहिला. एरवी लोक निघून जात, तसा तो गेला नाही. दरवाजाकडून कोणीतरी दादासोचं नाव घेऊन हाका मारत होतं. तानाजीचं नाव कोणी घेत नव्हतं.

"राणीनं..." अर्जुना म्हणाला.