गुरा नदीतले रबरी गांडूळ

मित्रांनो, मी एक जुना गळ आहे. अंग गंजलेले, टोक बोथट झालेले. पण मला नुसता गळ समजू नका. एके काळी मी चक्क गांडूळ होतो! गुलाबी, लवचिक, पाण्यात वळवळणारे गांडूळ! तो दिवस आठवला की आजही माझा गंज झडून जाईल की काय असे वाटते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला समजू लागले तेव्हा मी न्येरी गावाच्या डोंगरउतारावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, डबीत, माझ्या भावंडांबरोबर पडलो होतो. खिडकीपाशी लांबलचक बाक होता. त्यावर बसून बायका आम्हा गळांना सजवत. कुणाला पिसे बांधून माशी करत, कुणाला लोकर गुंडाळून अळी. नदीतला ट्राउट मासा त्याला भुलतो आणि गट्टम करतो. गंमत म्हणजे या बायकांपैकी एकीनेही मासा कधी चाखलेला नव्हता. त्यांच्या घरी मासा म्हणजे पाण्यातला सापच समजत.

बाकावरची एक जागा रिकामी झाली होती. ती मिळावी म्हणून न्यागुथी आली. न्यागुथी घायपाताच्या टोपल्या विणणारी. तिची वीण इतकी घट्ट की पीठ भरले तरी कण सांडत नसे. पण प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि टोपल्यांना गिऱ्हाईक उरले नाही. आयुष्यभर चाललेले हात रिकामे बसले, आणि तेच तिला सहन होत नव्हते.

बाकावरची मुख्य होती गथोनीची आई. नवख्या बाईला ती सगळ्यात सोपे काम देई, ते म्हणजे गांडूळ. गळाच्या दांडीवर आधी दोऱ्याचा थर द्यायचा. त्यावर रबराची मऊ गुलाबी दोरी ठेवून मधोमध थोडे वेढे घ्यायचे. दोन्ही टोके मोकळी सोडायची, म्हणजे ती पाण्यात वळवळतात. झाले गांडूळ! मला डबीतून उचलून बाकावरच्या पकडीत बसवले तेव्हा मला कोण आनंद झाला!

न्यागुथीने दोरा ओढला आणि टच्! रबर मधोमध कापले गेले. अर्धे गांडूळ बाकाखाली, अर्धे तिच्या मांडीवर. पात्याने मला सोलून पुन्हा बांधायला घेतले. पुन्हा टच्!

"अगं, टोपलं नाहीये हे," गथोनीची आई म्हणाली. "यात कुणी रताळी भरणार नाही. जरा हलक्या हातानं."

हलक्या हाताने बांधले तर गांडूळ दांडीभोवती गरगर फिरू लागले. बाकावर हशा पिकला. एवढी गांडुळे तर कुदळीनेही मरत नाहीत, असे कुणीतरी म्हणाले. न्यागुथीही हसली, पण ती रडकुंडीला आली आहे हे मला तिच्या बोटांवरून कळत होते.

शेवटी गथोनीच्या आईने सांगून टाकले. शेडची रीत होती की नवखीचे काम गुरा नदीत टाकून बघायचे. गावातला जुना मासेमार मुरीथी सकाळी नदीवर जाणारच होता. मासा ओढूनही बांधणी हलली नाही, तर बाकावरची जागा न्यागुथीची. हलली, तर दारात दुसरी बाई उभीच होती.

सगळ्या चहाला गेल्या. न्यागुथी मात्र तशीच बसून स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. या डोंगरातल्या बायका बोलता बोलता, चालता चालता मांडीवर घायपाताचे तंतू वळत असतात. तिची बोटेही आपसूक तेच करत होती! दोरा हातात आला की ती त्याला पीळ देत होती. पीळ दिलेला दोरा गोल आणि ताठ होतो, आणि मऊ रबराला कापतो. तिने दोऱ्याचे रीळ खाली लोंबकळू दिले आणि उलट्या बाजूने गरकन फिरवले. पीळ उलगडला. दोरा फितीसारखा चपटा झाला. मग तिने वेढे घेतले, ओढले, आणखी ओढले.

टच् नाही! मित्रांनो, मी गांडूळ झालो होतो!

सकाळी डोंगरावरच्या पावसाने नदी चहासारखी लाल झाली होती. अशा पाण्यात खरी गांडुळे वाहून येतात. न्यागुथी आणि गथोनीची आई काठावर उभ्या होत्या. मुरीथीने मला दोरीला बांधून भिरकावले. काय ती धार, काय तो गारठा! माझी दोन्ही टोके नाचू लागली. इतक्यात काळोखातून एक तोंड आले आणि मला घेऊन सुसाट निघाले. त्याचे दात रबरात रुतले. तो खडकाखाली शिरला, वर उसळला, पुन्हा बुडाला. मी मनात एकच घोकत होतो, सुटू नका, वेढ्यांनो, सुटू नका!

मुरीथीने माशाला दमवून काठाला आणले. जिवंत मासा इतक्या जवळून पाहून न्यागुथी दोन पावले मागे सरली. गथोनीच्या आईने मला हातात घेतले आणि नखाने वेढे खरवडून पाहिले.

"शेपूट गेलं," न्यागुथी पुटपुटली.

"शेपूट माशानं खाल्लं. बांधणी तुझी, ती जागची हललेली नाही," गथोनीची आई म्हणाली. "उद्या उजाडताच ये. आणि तो दोरा कसा फिरवलास, ते आधी मला दाखव."

मासा न्यागुथीच्या घरी गेला तेव्हा म्हणे तिच्या सासूने तो दाराबाहेर शिजवायला लावला. वासावर मांजर आले, मग मुले आली, आणि शेवटी मीठ बरोबर आहे का बघायला सासूबाईही वाकल्या.

त्यानंतर मी कितीतरी मासे आणले. मुरीथी माझे कौतुक करून थकत नसे. पुढे तो नदीवर जाईनासा झाला आणि मला ओला तसाच एका डबीच्या झाकणात टाकून विसरला. तिथेच मला गंज चढला. मित्रांनो, गळ वापरून झाला की पुसून ठेवा. नदीकाठी तर मुळीच टाकू नका, चरणाऱ्या गाईच्या जिभेत तो रुततो. आणि नवशिक्याने बांधलेले काही हाती आले, तर हसण्याआधी ते एकदा पाण्यात टाकून बघा.

आता माझ्या अंगावरचे रबर केव्हाच विरून गेले आहे. गुलाबी रंगाचा ठिपकाही उरलेला नाही. पण न्यागुथीने घेतलेले ते वेढे अजून आहेत तिथेच आहेत.