सुनेने वाजवलेली भिंत

भिंत ज्याने लावली त्याने ती वाजवायची नाही, असा म्हाताऱ्या मिस्त्रीचा नियम होता. आपल्या पोराचं नाक आपल्याला सरळच दिसतं, तसं आपलं काम आपल्या कानाला भरीवच वाजतं, असं तो म्हणायचा. म्हणून टाइला तो लावायचा आणि सिमेंटचा मसाला वाळला की त्याची सून वाजवायची. हातोडीच्या लाकडी मुठीने एकेक टाइल ठोकत जायचं आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असा एकच शब्द बोलायचा: भरीव किंवा पोकळ. त्यावर लावणाऱ्याने वाद घालायचा नाही. म्हाताऱ्याचा मुलगा या धंद्यात आलाच नाही. धुळीने त्याला शिंका यायच्या, म्हणून तो गाडी चालवायला गेला आणि थापी सुनेच्या हाती आली. सासऱ्याच्या भिंतीला ती आजवर पोकळ म्हणाली नव्हती. तशी वेळच आली नव्हती.

आज केस कापायच्या नव्या दुकानात ती लाकडी घोडीवर उभी होती, आणि वरच्या ओळींशी आल्यावर तिचा हात थांबला.

भिंत दिसायला अशी झाली होती की रस्त्याने जाणारी माणसं काचेला नाक लावून बघत होती. गर्द हिरव्या टाइला, प्रत्येकीवर उठावाचं एक पान, एकेक टाइल अंगठ्याएवढी जाड आणि हातात घेतली की मनगट वाकवणारी. समोरच्या भिंतीवर आरसे. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला आपल्या डोक्यामागे रान उगवल्यासारखं दिसावं, अशी मालकिणीची हौस. "केस वाईट कापले गेले तरी माणूस भिंत बघून खूश व्हायला पाहिजे," असं ती स्वतःच हसून सांगायची. भिंतीखाली थांबणाऱ्यांसाठी लांबलचक सोफा यायचा होता. दुपारनंतर दुकान उघडणार होतं.

सुनेने मूठ पुन्हा ठोकली. कोपऱ्यात टक. मधोमध ढब. शेजारची घेतली. कोपऱ्यात टक, मधोमध ढब.

मसाला कमी पडला तर कुठेतरी एखादी टाइल अशी वाजते. पण ओळच्या ओळ अशी वाजते ती एकाच कारणाने. भिंतीवर दातेरी थापीने मसाला ओढलेलाच नाही. टाइलच्या पाठीला चार कोपऱ्यांत चार गोळे लावले आणि दिली चिकटवून. दुसऱ्या कुणी असं केलेलं दिसलं की म्हातारा त्या दुकानात चहासुद्धा घ्यायचा नाही.

परवा मुलीला ताप आला म्हणून ती कामावरून लवकर निघाली होती. वरच्या ओळी त्याने एकट्याने लावल्या होत्या. जड टाइल डोक्याच्या वर धरून अंगाच्या जोराने दाबावी लागते, तेव्हा कुठे मसाला सगळीकडे पसरतो. आणि गेले काही दिवस म्हातारा डाव्या हाताने भांग पाडत होता, सदरा घालताना नातीला हाक मारत होता. घरात सगळ्यांनी ते पाहिलं होतं. म्हातारपणाचे लाड म्हणून हसलेही होते.

तिने खाली पाहिलं. म्हातारा पालथ्या बादलीवर बसून थापी पुसत होता. थापी केव्हाच स्वच्छ झाली होती.

"झालं का गं वाजवून?" मालकिणीने आतून विचारलं. "सोफेवाले दारात आलेत."

"थोडं राहिलंय."

"काय थोडं थोडं करतेस! सकाळपासून सुतारपक्ष्यासारखी टकटक चाललीय. माझं डोकं उठलं."

सून घोडीवरून उतरली आणि म्हाताऱ्यापाशी जाऊन उकिडवी बसली. आवाज खाली ठेवून म्हणाली, "मामा, वरच्या ओळी."

"काय वरच्या ओळी?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय ते."

म्हाताऱ्याने थापीवरची नजर काढली नाही. "लावणाऱ्याने बोलायचं नसतं. वाजवणाऱ्याने बोलायचं असतं."

"म्हणजे मी चारचौघांत बोलू? सुनेने सासऱ्याच्या तोंडाला काळं फासलं, असं उद्या सगळा बाजार म्हणेल. पुन्हा तुम्हाला कोण काम देईल?"

"मग नको बोलूस."

"आणि पडली तर?"

म्हातारा थापीचं पातं पुन्हा पुसू लागला. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऐकू यायचं ते मामांनाही आलं असणार, ठोकल्याशिवायच. लावताना हाताला कळलं असणार. आणि आता नियम पुढे करून त्यांनी तिला पुढे केलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तेवढ्यात सोफा आला. दोघा सोफेवाल्यांनी तो आडवा करून दारातून घेतला आणि भिंतीला टेकवला. पाठोपाठ मालकिणीची आई आली, अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. "आधी मी बसून बघते," म्हणत ती मधोमध बसली आणि मागे रेलून वर बघू लागली. "बाई बाई! पानं काय, देठ काय! मिस्त्री, हे घरी लावायचं तर मला दागिने मोडावे लागतील."

म्हातारा ओठातल्या ओठात हसला. पण त्याची नजर बाईच्या डोक्यावरून हळूहळू वर चढत गेली आणि वरच्या ओळींवर थांबली. सुनेने ते पाहिलं. त्याचा डावा हात उजव्या खांद्यावर गेला होता.

"आई, तुम्ही जरा इकडे खुर्चीत बसता का?" सून म्हणाली.

"का गं? मी काय तुझी भिंत खाते?"

"उठा ना. सांगते तर उठा."

तिचा आवाज चढला तशी मालकीण बाहेर आली. "काय झालं? कुणावर ओरडतेस?"

सगळे सुनेकडे बघत होते. सोफेवाले, मालकीण, तिची आई, आणि बादलीवर बसलेला म्हातारा. लग्न होऊन आली तेव्हा तिला थापी कशी धरायची तेही माहीत नव्हतं. तिचा हात आपल्या हातात धरून म्हाताऱ्यानेच शिकवलं होतं, आणि बायकांचं हे काम नव्हे म्हणणाऱ्या भावकीला त्यानेच गप्प केलं होतं.

"पोकळ," ती म्हणाली.

"काय?"

"भिंत पोकळ आहे. वरच्या ओळी. खालची भरीव आहे, पण वरच्या सगळ्या उतरवायला लागतील."

मालकिणीची आई टुणकन उठली. एवढ्या अंगाची बाई एवढ्या चपळाईने उठेल असं कुणाला वाटलं नसतं.

मालकिणीचा चेहरा लाल झाला. "अगं, वेड लागलं का तुला? दुपारी माणसं येणारेत. बाहेर फुलं लावलीत. आणि तू भिंत उतरवते म्हणतेस?" मग ती म्हाताऱ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही सांगा हिला. तुमच्या शब्दावर मी काम दिलं. आतापर्यंत पडली का एक तरी? नाही ना? मग आजचा दिवस जाऊ द्या. पुढच्या सुट्टीला बघू. तुम्ही फक्त म्हणा चालेल, मी सोफा तिथेच ठेवते."

सुटायची वाट मालकिणीने स्वतःच उघडून दिली होती. म्हातारा हो म्हणाला असता तर सुनेच्या शब्दाला कवडीची किंमत उरली नसती. नियमाप्रमाणे त्याने वाद घालायचा नव्हता, पण नियम त्याचाच होता. मोडणाराही तोच.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. पिशवीत चाचपडून त्याने पातळ पात्याची पटाशी काढली आणि सुनेच्या हातात दिली.

"वरून सुरुवात कर," तो म्हणाला. "खालून पातं घालू नकोस, पान तुटेल."

मग मालकिणीकडे न बघता म्हणाला, "बाई, सोफा त्या अंगाला घ्या. टाइला मी लावल्यात. चूक हिच्या माथी मारू नका."

"पण का? तुमच्यासारख्या माणसाने?"

"हात वर जात नाही," म्हातारा म्हणाला. "सांगायला लाज वाटली."

मालकिणीची आई लेकीकडे वळून म्हणाली, "तुझे वडील चष्मा लागला हे सांगत नव्हते, म्हणून दोनदा भिंतीवर गाडी घातली. घे तो सोफा तिकडे. उभी काय राहिलीस?"

मालकीण धुसफुसली, दोनदा फोन फिरवला, आणि शेवटी म्हणाली, "अर्धं दुकान उघडते. त्या बाजूला पडदा लावा. धूळ आली तर तुमची दोघांची खैर नाही."

सून वर चढली. पटाशी सांध्यात घालून तिने हलकेच पिळली, आणि टाइल अख्खीच्या अख्खी हातात आली. एवढी सहज आली की तिच्या अंगावर काटा आला. पाठीला चार कोरडे गोळे, मध्ये सगळी मोकळी जागा. तिने ती खाली दिली. म्हाताऱ्याने डाव्या हाताने घेतली आणि पोटाशी धरली. ते गोळे मालकिणीने पाहिले आणि पडदा स्वतःच ओढून घेतला.

पडद्यापलीकडे खुर्च्या सरकल्या, कात्र्या वाजू लागल्या, कुणीतरी हसलं. पडद्याअलीकडे म्हातारा बादलीवर बसून एकेक टाइल मांडीवर घेत होता आणि पाठीवरचे गोळे खरवडून काढत होता. हे काम मांडीच्या उंचीचं होतं, त्यात त्याचा हात अजून कुणाला हार जात नव्हता.

"मसाला पातळ केलास," तो खालून पुटपुटला.

"बरोबर आहे."

"पातळ आहे म्हणतो ना."

"मामा, वर मी आहे."

म्हाताऱ्याने तिची बादली जवळ ओढली आणि तिला न विचारता मूठभर पूड टाकून ढवळून दिली. तिने भिंतीवर थापी ओढली, पहिली टाइल उचलली आणि दोन्ही तळवे लावून सगळं अंग तिच्यावर घातलं. खांद्यातून कळ गेली. ही टाइल डोक्याच्या वर धरून ठेवणं काय असतं, ते तिला आज पहिल्यांदा कळलं. मसाला कडेने बाहेर येईपर्यंत ती दाबत राहिली, मग हात खाली केला, तर दुसरी टाइल पुसून तयार होती.