जवळ्याचा वास

समृद्धीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि एक्झॉस्टचं बटण दाबलं. गॅसपाशी उभी असलेली तिची आई, आवडाबाई, हातातलं उलथनं तसंच धरून बघत राहिली.

“धूर झाला का गं?”

“नाही. बिल्डिंगमधले लोक... तू कर.”

तव्यावर जवळा तडतडत होता. आवडाबाईच्या बहिणीने खाडीत धरून अंगणात वाळवलेला. तिसरा महिना लागल्यापासून समृद्धीच्या तोंडाला चव नव्हती. परवा फोनवर तीच म्हणाली होती, “आये, तुझ्या हातचा जवळा खावासा वाटतो.” म्हणून आज आवडाबाई पिशवी मांडीवर धरून गावाहून रिक्षाने आली होती.

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, सुक्या मासळीच्या वासाने पॅसेजमध्ये उभं राहवत नाही. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. खिडकीतून खाडी दिसते म्हणून हौसेने डोंबिवलीत इथे घरं घेतलेली माणसं. त्या रांगेत एक अंगठा समृद्धीचाही होता.

बेल वाजली. दारात समोरच्या घरातली संचिता उभी होती.

“समृद्धी, अगं जवळा कुणाकडे...”

“आमच्याकडे नाही,” समृद्धी घाईने म्हणाली. “खालून येत असेल वास. मलाही मघापासून मळमळतंय.”

संचिताचा चेहरा उतरला.

“तात्यांसाठी विचारत होते गं.” तात्या म्हणजे तिचे सासरे. “हॉस्पिटलातून घरी आणल्यापासून घास उतरत नाही त्यांना. पेज समोर ठेवली की तोंड फिरवतात. आणि आज आपणहून उठून बसले. म्हणाले, जवळा भाजतंय कोणीतरी, विचार, चमचाभर देतील काय. बघते, खाली विचारून येते.”

अजूनही सांगता आलं असतं. लिफ्ट यायला वेळ लागला, संचिता आकड्याकडे बघत उभी राहिली, आणि तेवढ्या वेळात एक वाक्य सहज मावलं असतं. समृद्धीने आवाज होऊ न देता दार लावलं.

वळली, तर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. टॉवेल बाजूला सरकवलेला. गॅस बंद करून आवडाबाई डब्यात जवळा भरत होती. वर तांदळाची भाकरी घडी घालून ठेवली. लेकीकडे तिने बघितलं नाही.

“आये, राहू दे ना. आता मी तिला काय सांगू?”

“तू नको सांगू.”

पदर सारखा करून आवडाबाई बाहेर पडली. समृद्धी मागोमाग गेली आणि उंबऱ्यातच थांबली. संचिता नुकतीच रिकाम्या हाताने वर आली होती.

“घे पोरी,” आवडाबाईने डबा पुढे केला. “तात्यांना दे. गरम हाय. तिखट बेतानंच टाकलंय.”

संचिताने डबा घेतला. आवडाबाईकडे बघितलं, मग समृद्धीकडे.

“पण समृद्धी तर म्हणाली...”

“तिला सर्दी झालेय. नाकच बंद हाय तिचं,” आवडाबाई हसून म्हणाली. “तिला काय समजनार वास! मी आत काय रांधते ते पन ठाव नाय तिला.”

 संचिताने डब्याच्या झाकणावरून एकदा अंगठा फिरवला. तिच्या घरातून एक थकलेला, अधीर आवाज आला.

“मिळाला काय गो?”

“मिळाला, तात्या!” संचिताने आत ओरडून सांगितलं. “मावशी, आत या ना. तुम्हीच वाढा त्यांना.”

आवडाबाई चपला काढून आत गेली. कुठल्या खाडीतला, असं तात्यांनी विचारलेलं बाहेर ऐकू आलं. आवडाबाईचा आवाज मोकळा झाला. ती बहिणीचं गाव सांगू लागली.

दार लोटता लोटता संचिता थांबली.

“वाफ घे हं, समृद्धी,” ती हळूच म्हणाली. “या दिवसांत सर्दी अंगावर काढू नकोस.”

समृद्धीने मान हलवली आणि नाक ओढलं.