पुंजाची शिट्टी

पुंजाने हात वर केला, तशी मागून येणारी पाच-सहा माणसं बाभळीपाशी थांबली. वैशाखात धरणाचं पाणी पार आत हटलं होतं. हिवाळ्यातली पाहुणी बदकं कधीच निघून गेली होती. भेगाळल्या चिखलात शेकाटे तेवढे लांब तंगड्या टाकत हिंडत होते. पण ही मंडळी पहाटे नाशिकहून निघून आली होती ती पुंजाच्या शिट्टीसाठी. त्याने शिट्टी घातली की झुडपातला तित्तर उत्तर देतो, अशी त्याची ख्याती होती.

विद्या बापाची. बाप शिट्टीने तित्तर बोलवायचा आणि फासात धरायचा. पुंजाने फास सोडला, शिट्टी ठेवली आणि पाखरं दाखवत वीस वर्षं पोट भरलं. तंबाखू मात्र सुटली नाही. उद्या दवाखान्यात त्याचा डावा गाल आणि अर्धा जबडा काढणार होते. बोलता येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. शिट्टीचं विचारल्यावर त्यांनी सहीसाठी कागद पुढे सरकवला.

म्हणून आज यायचंच, असा त्याने हट्ट धरला होता. शेवटचं एकदा तित्तराने आपल्याला ओ द्यावी, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने तोंडावरचा गमछा सारला, ओठ जुळवले. फुस्स करून वारा निघाला. पुन्हा जोर लावला, तर कळ कानापर्यंत गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. झुडूप गप्पच.

“पुंजाभाऊ, राहू द्या,” साधनाताई हळूच म्हणाल्या. कॉलेजात शिकवणाऱ्या या बाई दहा वर्षं येत होत्या. गमछ्याआड काय आहे ते त्यांनी ओळखलं असावं.

“अहो, माझ्याकडे आहे ना!” देवळाली कॅम्पाचे मोतीरामसाहेब, लष्करातून निवृत्त झालेले, मोबाइल काढत म्हणाले. मोबाइलमधला तित्तर खणखणीत ओरडला. पहिल्याच हाकेला झुडपातून उत्तर आलं, पाठोपाठ दुसरं, आणि मग स्वारी मान उंचावून बाहेरच आली. कॅमेरे खटखटले.

पुंजाला भडभडून आलं. मेल्या, माझी हाक नि त्या डबीची हाक तुला एकच? मग त्याला आठवलं, बापाच्या फासाकडेही तित्तर असेच धावत यायचे.

“बंद करा साहेब,” तो म्हणाला. “भांडायला येतो बिचारा. तिकडं मादी एकटी राहती अंड्यांवर.”

काठावरच्या पाखरं बघायच्या मनोऱ्याखाली त्याची बायको मालन चहाची किटली घेऊन बसली होती. त्याला बघताच ती उठली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

“ऐकलं मी! दोनदा वरडला ना तो? अन् तुमची शिट्टी तर लय खणखणीत निघाली. काय झालं नाय तुमच्या तोंडाला. डाक्तर उगा भ्या दाखवतात.”

मोतीरामसाहेब काही बोलणार, तोच साधनाताईंनी त्यांचा हात दाबला.

“हा,” पुंजा म्हणाला. “आज लगेच आला.”

त्याने बशीतला चहा उजव्या बाजूने घोट घोट घेतला. मालनने बशी पुन्हा भरली.