फाटकापाशीचं पान

सोलोमियाने आठ वर्षांत तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्ही युद्धाच्या. दुसरं काही सुचत नव्हतं असं नाही, पण दुसरं लिहायला बसलं की लाज वाटायची. आता मात्र ती थकली होती. गावोगावच्या वाचनालयांत बायका तिला गाठत, घरातलं मेलेलं, हरवलेलं सगळं तिच्या पदरात टाकत, 'लिहा' म्हणत आणि हलक्या होऊन घरी जात. तिने हलकं व्हायला कुठे जायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं.

पोल्टावा शहराजवळच्या या वाचनालयात ती दोन वर्षांपूर्वीही आली होती. तेव्हाही कपाटं भिंतीला सरकवून लाकडी चौकटीवर मोठं जाळं ताणलेलं होतं आणि बायका त्यात कापडाच्या पट्ट्या गुंतवत होत्या. आघाडीवर तोफा झाकायला अशी जाळी लागतात. लेखिका आली म्हणून कोणाचा हात थांबत नसे, काय ऐकायचं ते विणता विणताच. आज बर्फ वितळलेलं, म्हणून पांढऱ्या पट्ट्या जाऊन हिरव्या आल्या होत्या, एवढाच फरक. वीज सकाळपासून गेली होती आणि सगळ्या जाकिटं घालूनच बसल्या होत्या.

तेव्हा तिच्या शेजारी नेल्या नावाची बाई विणत होती. तिचा नवरा रुस्लान आघाडीवर मरून तीन महिने झाले होते. शेवटच्या खेपेला तो तीन दिवसांच्या रजेवर आला आणि तिन्ही दिवस झोपून राहिला. कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर तसंच गळत राहिलं. निघताना फाटकापाशी नेल्या त्याला म्हणाली, "जा. तू असलास काय नि नसलास काय, सारखंच." तो हसला आणि गेला. एवढंच तिने सांगितलं, पट्टीवरून नजर न उचलता.

सोलोमियाने नावं बदलून ते जोडपं कादंबरीत घेतलं. पण फाटकापाशी आल्यावर तिचा हात चालेना. त्या बाईच्या तोंडी ते वाक्य घालवेना. म्हणून पुस्तकातली बायको नवऱ्याच्या जाकिटाची बटणं लावते आणि त्याच्या पिशवीत चेरीच्या मुरंब्याची बरणी ठेवते. पुस्तक आलं त्याच आठवड्यात नेल्याचा फोन आला होता. "मी मुरंबा दिला नव्हता," एवढं बोलून तिने फोन ठेवला.

आता दुसरी आवृत्ती निघायची होती आणि दुरुस्त्या आज संध्याकाळपर्यंत कळवायच्या होत्या. सोलोमियाने ते पान घडलं तसं पुन्हा लिहून आणलं होतं. आपण आयुष्यात लिहिलेलं हे सर्वांत चांगलं पान आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

आजही शेजारीच बसलेल्या नेल्याने कागद उजेडाकडे धरून सावकाश वाचला.

"हेच. अगदी असंच झालं," ती म्हणाली. "छापू नका."

"पण फोन तूच केला होतास ना?"

"केला होता. बाई, त्या वर्षी थंडीने चेरीचा सगळा फुलोरा करपला होता. अख्ख्या गावात मुरंबा नव्हता, आणि माझ्या हातून द्यायला लावलात." मग तिने मानेनेच जाळ्याच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली. तिथे तिची सासू परास्का बसली होती. "रुस्लान गेल्यावर ही वर्षभर माझ्याशी बोलली नाही. ताट पुढे सरकवायची, बस्स. मग ग्रंथपाल ओरिस्याने तिला तुमचं ते पान वाचून दाखवलं. घरी आली आणि म्हणाली, 'सूनबाई, बोर्श्टमध्ये मीठ कमी पडलंय.' तेव्हापासून तोंडाचा पट्टा चालू आहे."

"तिने काही ऐकलं नव्हतं?"

"गोठ्यात होती ती. छापलंय ते खरं म्हणून धरून बसली आहे, बसू दे." नेल्याने कागदाची घडी करून जाकिटाच्या आतल्या खिशात घातली. "हा माझा. खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, पुरे झालं."

"काय कुजबुजताय गं?" पलीकडून परास्का म्हणाली. "बाईंना म्हणावं, फाटकापाशीचं पान वाचा."

तेवढ्यात हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. फोनवरचे इशारेही एकामागून एक वाजले आणि बायकांनी ते बंद केले. कोणी उठलं नाही. सोलोमियाने वाचलं. बटणं, पिशवी, बरणी. स्वतःच लिहिलेले शब्द तिला नकोसे झाले होते. परास्काचे ओठ सोबत हलत होते. नेल्या एकच गाठ पुन्हा पुन्हा सोडत होती, बांधत होती.

वाचून झाल्यावर परास्काने पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. "ही घ्या, बाई. त्याच वर्षीच्या चेरीची. सुनेने एक रुस्लानला दिली, एक राहिली होती."

खोलीत बारा बायका होत्या, आणि बाराही जणींच्या परसातली चेरी त्या वर्षी करपली होती. एकीनेही मान वर केली नाही.

"रंग छान आलाय," ओरिस्या म्हणाली.

परास्का सोलोमियाला गाडीच्या थांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत चिखल होता, दोघी सांभाळून चालत होत्या.

"मी गोठ्यात होते, असंच म्हणाली ना ती?" परास्काने विचारलं. "होते की. पण गोठ्याचं दार तेव्हा मोडलेलंच होतं, बाई. सगळं ऐकलं मी."

सोलोमिया थांबली.

"वर्षभर गप्प राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर पडलं असतं. 'माझ्या लेकराला असं म्हणालीस?' मग तुमचं पान आलं. म्हटलं, चला, आता बोलायला तरी हरकत नाही. आम्ही दोघीच उरलोय त्या घरात. ते बदलू नका. आणि हे तिला सांगू नका."

"नाही सांगणार."

गाडीत बसल्यावर सोलोमियाने प्रकाशकाला कळवलं, दुरुस्ती काही नाही. मग तिने बरणी पाहिली. झाकणावर गेल्या उन्हाळ्याचं साल होतं, ते खोडून पेन्सिलीने जुनं साल घातलं होतं. तिला रडू आलं आणि ती रडली. शेजारच्या बाईने काही न विचारता रुमाल पुढे केला. झाकण नीट बसलेलं नव्हतं, म्हणून शहर येईपर्यंत तिने ती बरणी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली.